आईला पाठवलेलं इंग्रजी

सोमवार, ३ नोव्हेंबर

पुन्हा लाल शेरा! ऑनलाइन क्लासच्या रत्नमाला मॅडम म्हणतात, तुमचं व्याकरण पक्कं आहे, शब्दही भरपूर आहेत, पण बोलता कंपनीच्या माहितीपत्रकासारखं. रोज दोन मिनिटं स्वतःबद्दल काहीतरी खरं बोला आणि रेकॉर्ड करून पाठवा. खरं म्हणे! वाळूजला एक्स्पोर्टच्या टेबलावर सहा वर्षं परदेशी गिऱ्हाइकांना गोड गोड मेल लिहितेय. खरं कुठून आणू?

मंगळवार, ४ नोव्हेंबर

बोलले एकदाची. नवरा दीड वर्षापूर्वी सोडून गेला. या वीस तारखेला कोर्टात घटस्फोटाची शेवटची सही आहे. वैजापूरला आईला मात्र मी सांगत आलेय की सोमनाथची पुण्याला बदली झालीय. दोन दिवाळ्या 'रजा मिळाली नाही' वर काढल्या.

मराठीत हे आरशासमोरसुद्धा बोललेले नाही मी. इंग्रजीत सरसर निघालं—दुसऱ्याच कुणा मंजुषाचं असल्यासारखं. एकटेपणाचे तीन वेगवेगळे शब्द वापरले, तिन्ही अगदी जागच्या जागी. आधी अभिमान वाटला. मग रडले.

बुधवार, ५ नोव्हेंबर

घोळ! रेकॉर्डिंग मॅडमना गेलंच नाही. आईला गेलं! रोज रात्री तिला 'जेवले गं' एवढं बोलून पाठवते, हात सवयीनं तिकडेच वळला. सकाळी बघते तर तिनं ऐकलेलं.

भीत भीत फोन केला. आई खुशीत! अख्ख्या गल्लीला ऐकवलंय तिनं. कडूबाई मावशी म्हणे म्हणाल्या, पोरगी टीव्हीवरच्या बाईवानी बोलती. मी विचारलं, तुला काय कळलं? "मला काय कळतंय? पण लई गोड वाटलं बघ. रोज पाठवत जाय."

माझ्या घटस्फोटाची गल्लीभर दवंडी पिटली, आणि वर कौतुक! वाचले एवढं खरं. मोनिकाला स्थळं येतायत. धाकटीचं ठरेपर्यंत हे बाहेर फुटता कामा नये.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आजही आईला पाठवलं. मुद्दाम! मॅडमना पाठवलेलंच तिलाही. कळत नाही तिला, पण ऐकते ना कुणीतरी आपलं.

आजचा विषय: रात्रीचं जेवण. एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो, चहा-बिस्किटावर भागवते. किती सोपं आहे इंग्रजीत कबूल करणं.

सोमवार, १० नोव्हेंबर

आईनं एसटीच्या कंडक्टरकडे डबा दिला. स्टँडवर जाऊन घेतला. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, वर गुळाचा खडा. मनातलं कसं ओळखतात आया, देव जाणे. उभ्याउभ्याच तीन धपाटे खाल्ले, लोक बघत होते.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आठव्या दिवशी नळाला पाणी आलं. पिंप, बादल्या, पातेली—सगळं एकटीनं भरलं. ऑफिस सोडलं तर दिवसभर कुणाशी बोलणं नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

मॅडम खूश. म्हणाल्या, आता तुमच्या इंग्रजीत माणूस दिसतो. एकच दुरुस्ती—नवऱ्याबद्दल तुम्ही अजून वर्तमानकाळात बोलता. केलं दुरुस्त. एवढ्या वर्षांत व्याकरणानं पहिल्यांदाच रडवलं.

नवीन शब्द अकरा. ते कुणाला ऐकवायचे? आईलाच पाठवले. ती म्हणाली, "छान. आणखी बोल."

बुधवार, १९ नोव्हेंबर

उद्या कोर्ट. ऑफिसात 'दाताच्या डॉक्टरकडे जायचंय' म्हणून रजा टाकली.

आज मॅडमना नाही पाठवलं. फक्त आईला. इंग्रजीत म्हटलं—मला भीती वाटते. त्याच्याकडून भाऊ येईल, काका येतील. माझ्या बाजूनं मी एकटी. सही करताना शेजारी आपलं कुणी असावं असं फार वाटतं. कोर्टाचं नाव, वेळ, सगळं बोलून टाकलं. एकही चूक झाली नाही.

तिनं ऐकलेलं दिसतंय. रोज काहीतरी उत्तर पाठवते, आज एक शब्द नाही. झोपली असेल.

गुरुवार, २० नोव्हेंबर

कोर्टाच्या फाटकाशी आई उभी होती. पहाटेच्या एसटीनं आलेली, हातात पिशवी. मी तिच्या हातातली पिशवी घेतली. तीच आधी बोलली.

"शेजारच्या हायस्कूलच्या बाईंनी पहिल्याच दिशी समदं सांगितलं व्हतं. रोजचं रोज त्यांच्याकडून समजून घेत व्हते. मराठीत इचारलं असतं, तर तू गप बसली असतीस."