पोलादरावला दुखत नाही

खामगाव, सोमवार, ८ जानेवारी १९६२

पोहोचलो एकदाचे! जलंबला गाडी बदलली आणि खामगावच्या छोट्या गाडीत बसलो, तेव्हा शकू म्हणाली, ही गाडी आपल्यालाच घ्यायला आल्यासारखी दिसते. डब्यात आम्ही दोघं, एक पेटी, वळकटी आणि माझा चित्रांचा फळा. बाकी सगळा डबा रिकामाच.

गाव मला आवडलं. जिकडेतिकडे कापूस. झाडांवर, पागोट्यांवर, चहाच्या कपातसुद्धा. सरकीच्या तेलाचा वास अंगाला चिकटून राहतो. गोजरबाईंच्या दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. बाई साठीच्या, एकट्या, डोळे मात्र असे पाणीदार की बघत राहावं. दारातच शकूला विचारलं, "पोटुशी दिसता बाई, कितवा मयना हाय?" सातवा, म्हटल्यावर लगेच तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण शकूची आई मागच्या वर्षी गेली. आता गोजरबाई आणि गल्लीतली सोजराबाई सुईण, एवढंच आमचं माहेर.

उद्यापासून नारायणरावांच्या छापखान्यात कामावर. तेलाच्या डब्यांची लेबलं, लग्नपत्रिका आणि आता नवीन खूळ: चित्रकथेचं पुस्तक. अचाट ताकदीचा आपला मराठी वीर, बत्तीस पानं, दोन रंगांत. मुंबईहून चित्रकलेची पदविका घेऊन मी खामगावात काय करणार, असं मित्र हसत होते. हसू देत.

शुक्रवार, १२ जानेवारी

आज तिघांची पहिली बैठक. मालक नारायणराव, हायस्कूलचे अनंत गुरुजी आणि मी. गुरुजींनी प्रसंग लिहायचे, मी चित्रं काढायची, नारायणरावांनी दोघांच्या मध्ये बोलायचं. वीराला ताकद कुठली द्यायची यावर दोन तास वाद. गुरुजींना तो उडायला हवा होता. नारायणराव म्हणाले, उडणारा माणूस सरकी काढायच्या जिनातल्या कापसासारखा दिसेल. शेवटी मीच सुचवलं की त्याला दुखतच नाही असं करा. आग, सुरी, गोळी, काही असो. ज्याला दुखत नाही तो कशाला भिणार? दोघंही खूश झाले. माझी कल्पना! नाव गुरुजींनी ठेवलं, पोलादराव.

छापखान्याची एक रीत आहे. लेबलावरचा पहिलवान असो की लक्ष्मी, प्रत्येक अवयव गावातल्या जित्या माणसाचा घ्यायचा, आणि कुणाचं काय घेतलं ते वहीत नावानिशी लिहायचं. नारायणराव म्हणतात, "आमच्या गावात खोटं तोंड कोणी इकत घेत नाही, राजेहो." माझ्याआधीचे इंद्रभान पेंटर चाळीस वर्षं असंच करत आले. आता हात थरथरतो म्हणून ते मुलाकडे वडनेर भोलजीला गेले.

शुक्रवार, १९ जानेवारी

पोलादराव तयार झाला. हात मोतीराम हमालाचे. हा गडी रुईची गाठ लहान पोर उचलावं तशी उचलतो. डोळे गोजरबाईंचे. बाई लाजल्या, पण तासभर बसल्या. छाती माझीच, आरशात बघून काढली (शकू पोट धरून हसली, कारण खरी छाती याच्या निम्मीही नाही). ओठ शकूचे. हसू फुटायच्या बेतात असलेले.

एका गोष्टीवरून नारायणरावांशी थोडं वाजलं. इंद्रभान म्हणे जित्या माणसावरून काढलेल्या प्रत्येक चित्राला शाई चढवण्याआधी गालावर काजळाची तीट लावत. दृष्ट नको म्हणून. तेलाच्या डब्यावरच्या वाघालासुद्धा! मी साफ नाही म्हटलं. गोळ्या झेलणाऱ्या वीराच्या गालावर तान्ह्या बाळासारखा ठिपका? नारायणराव मान हलवत राहिले, पण ऐकलं माझं.

सोमवार, २९ जानेवारी

अकरा पानं शाई होऊन पूर्ण. जळत्या जिनातून पोलादराव गाठी बाहेर काढतो, तो प्रसंग चांगलाच जमला.

दुपारी मोतीराम छापखान्याच्या दारावरून जाताना दिसला. गाठ ओढायचा लोखंडी आकडा त्याच्या डाव्या तळहातातून आरपार गेला होता आणि हा चालत होता. लोक ओरडले तेव्हा त्याने हात वर करून बघितला. डॉक्टरांनी टाके घातले तेव्हाही तो खिडकीबाहेर बघत होता. मी भेटायला गेलो. म्हणाला, "काहीच नाही वाटत साहेब. दुसऱ्याचा हात असल्यावानी वाटते." सुरुवात बोटांपासून झाली होती, आता कोपरापर्यंत आलं आहे.

सोमवार, ५ फेब्रुवारी

आठ ग्रह एका राशीत आलेत, त्या अष्टग्रहीचा आज शेवटचा दिवस. गावात चौकाचौकात होम चालू आहेत, जग बुडणार म्हणून. गुरुजी म्हणतात मोतीरामचं तेच, ग्रहांचं. संस्कृत जाणणारा माणूस म्हणतो म्हणून मीही तसंच धरून चाललो.

गोजरबाई अंगणात मिरच्या कुटत होत्या. मला गल्लीतूनच ठसका लागला. बाईंच्या डोळ्यांत तिखटाची लाल पूड बसली होती आणि त्या मला गाव बुडालं का म्हणून विचारत होत्या. पाणी नाही, चोळणं नाही. मीच ओल्या फडक्याने डोळे पुसले. त्यांना कळलंही नाही की मी बुबुळाला बोट लावलं.

वही काढून पाहिली. मोतीराम, हात. गोजरबाई, डोळे. त्याखाली दोन नावं अजून आहेत.

सोमवार, १२ फेब्रुवारी

नाही, हे लिहून ठेवलं पाहिजे. आज सकाळी शकूने उकळता चहा एका घोटात प्यायला. ओठाला फोड आला. तिने विचारलं, आज चहा गार का झाला?

छापखान्यात गेलो आणि काम केलं. माझं मलाच नवल वाटतं. गुरुजींनी पोलादरावच्या जन्माचा प्रसंग लिहून ठेवला होता: जन्मल्यावर न रडलेलं मूल, सुईण चिमटे काढते तरी गप्प. बाळ कुणाचं घ्यावं? गल्लीत तान्हं बाळ नव्हतं. मी शकूचं कपाळ घेतलं, माझी हनुवटी घेतली, आणि आमचं बाळ कसं दिसेल ते काढलं. फार सुंदर आलं. शाई चढवली. वहीत लिहिलं, बाळ, आमचं.

लिहिल्यावर कळलं मी काय केलं ते.

तरी छातीत धडधड नाही. धडधडायला हवं होतं.

मंगळवार, २० फेब्रुवारी

शकूचं ओठांपासून उतरत खाली आलं. आधी गळा, मग छाती. आज पोट. तिने पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, बाळ हलत नाही. सोजराबाईला बोलावलं. तिने हात लावून पाहिलं, म्हणाली, "हालते ना! चांगल्या लाथा मारून राह्यलं. तुले काऊन कळून नाही राह्यलं?" शकू सोजराबाईच्या हाताकडे बघत बसली. मग मला म्हणाली, ती म्हणते तर असेल.

शकू रडली नाही. मीही नाही.

पोटात काही कळत नसेल तर कळा कळणार कशा? दिवस तर भरत आले.

गोजरबाई ओट्यावर बसल्या होत्या. उघड्या डोळ्यावर मुंगी चालत होती. मी काढली.

पहिल्या पानापासून एकोणिसाव्यापर्यंत, जिथे जिथे पोलादराव आहे तिथे, आज बसून तीट लावल्या. बाळाच्या गालावरही. काही झालं नाही.

शनिवार, २४ फेब्रुवारी

वडनेरला जाऊन आलो. इंद्रभान पेंटर मळ्यात कांद्याला पाणी देत होते. पानं दाखवली. त्यांनी पोलादराव बराच वेळ पाहिला. म्हणाले, फार चांगला काढला. मग तिटांवर बोट ठेवून म्हणाले, "तीट दीठ लागायच्या आधी लावतात, बाप्पा. आता लावून काय उपेग?"

मग उपाय काय, म्हणून विचारलं. त्यांनी पाण्याचा दांड बंद केला आणि थोडकंच बोलले. त्याले दुखू द्या. पुस्तकात त्याले एकदा तरी दुखलं पाह्यजे. पण दुखणं मनानं काढू नका, ज्याचं घेतलं त्याच्याच अंगावर पाहून काढा.

परत येताना बसमध्ये झोप लागली. चक्क झोप लागली.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

गुरुजी ऐकत नाहीत. म्हणतात, पोलादरावला दुखलं तर पुस्तकात उरलं काय? त्यांच्या मते मी थकलो आहे. मोतीरामचं आता खांद्यापर्यंत गेलं, ते नारायणरावांनी स्वतः पाहिलं आहे. जाताना म्हणाले, गुरुजींना विचारू नका, तुम्ही काढा, मी छापतो.

ज्याचं घेतलं त्याच्याच अंगावर. मोतीरामला दुखवता येत नाही, गोजरबाईंना येत नाही. शकूला —

पोलादरावात मीही आहे. छाती गेली, पण हात अजून माझे आहेत.

शनिवार, ३ मार्च

सकाळी दहा. शकूला सोजराबाईकडे बसवलं. आरसा समोर, फळा मांडीवर. स्टोव्ह पेटवला आणि डावा हात ज्योतीवर धरला.

दुखलं. देवा, दुखलं! उजव्या हाताने काढत राहिलो. पोलादरावचं तोंड, दात, डोळ्यांतलं पाणी, वर उचललेला हात. चौकट गळ्यापाशीच संपली, छातीला जागा उरली नाही. शाई चढवली.

शाई वाळायच्या आधी अंगणात गोजरबाई किंचाळल्या. डोळे धरून लोळल्या. मग जिनाच्या बाजूने एका माणसाचा आवाज. मोतीरामच असणार. महिन्याभराचं सगळं एकदम आलं असेल. थांबतच नव्हता.

सोजराबाईच्या घरातून शकूची हाक आली. ओठ भाजतात, ओठ भाजतात, म्हणत होती. मग म्हणाली, अहो, लाथ मारली! रडत होती, हसत होती. मी तिच्याजवळ बसलो. मला बरं वाटायला हवं होतं.

छाती तशीच आहे. चौकटीत नव्हती ना.

सोमवार, ५ मार्च

पहाटे कळा सुरू झाल्या. शकू ओरडते आहे. गल्लीला ऐकू जातंय. ओरडू दे.

सकाळी आठ. मुलगा. शकूचं कपाळ. माझी हनुवटी. चित्रात होता तसाच, अगदी तसाच.

रडला नाही.

सोजराबाईने पाठीवर थापट्या मारल्या, पाय धरून उलटा केला. श्वास चालू आहे. डोळे उघडे. रडत नाही.

दहा वाजले. दूध ओढत नाही. भूक लागल्याचं कळतच नसेल. शकू मला विचारते, हा का रडत नाही. तिला सगळं कळतंय आता. सगळं दुखतंय. मी म्हटलं, रडेल.

साडेअकरा. सरकारी दवाखान्यात जाऊन आलो. तिथल्या एका बाळाचं रडणं काढून आणलं, आमच्या बाळाच्या चित्रातल्या तोंडावर चढवलं. शाई केली. काही नाही. दुसऱ्याचं रडणं आहे ते.

ज्याचं घेतलं त्याच्याच —

एक वाजला. ओठ निळसर. सोजराबाई म्हणते, "रडलं नाही तर दिवस काढणार नाही लेकरू." टाचणी टोचून पाहिली, तळव्याला. दोनदा. रक्ताचा थेंब आला. माझ्याकडे बघत राहिला.

एकदा दुखलं पाहिजे. एकदाच. टाचणीने भागलं नाही. मी तयार बसलेला हवा, फळा मांडीवर, म्हणजे लगेच काढता येईल. एक रेघ पुरेल. तोंड उघडलेलं, बस —

शकूला झोप लागली. सोजराबाई घरी गेली आहे. गोजरबाईंनी पाण्यासाठी पेटवलेला स्टोव्ह चालू आहे.

दुसरा कोणी बाप हे करू शकला नसता. मला काही वाटत नाही. छातीत काही नाही. म्हणून जमेल.

बाळ भाजलेल्या डाव्या हातात घेतलं. हलकं आहे. पेन्सिल उजव्या —

त्याचा हात केवढासा —