तीनचाकीला गोडं पाणी

४ नोव्हेंबर, मंगळ.

सबंध सकाळ वाघोलीला, विजूच्या वाडीतल्या शेडमध्ये. माझ्या दोन जुन्या गाड्यांतल्या नं. २ चा हँडब्रेक पुन्हा अडकला. खोलला, गंज घासला, बसवला. बोटांची सालं गेली. धाकटे बंधुराज विजू दारात येऊन उभे. "ताई, ह्या दोन डबड्यांच्या जागेत माझे केळीचे घड राहतील." म्हटलं, शेड बाबांनी दोघांच्या नावावर ठेवलीय. तुझ्या अर्ध्यात हवं ते रच. गेला.

दुपारी शेणखताचा टेम्पोवाला नं. १ कडे बघून म्हणाला, गास गावात एका म्हाताऱ्याच्या पडवीत असलीच एक आहे. तीन चाकांची, अंड्यासारखी. "आणि मॅडम, तिला सायलेन्सरच नाय."

सायलेन्सर नाही म्हणजे विजेवरची. तीन चाकं म्हणजे तीच. नऊ वर्षं शोधतेय. ठाण्याकडच्या एका कारखान्यात मोजक्याच झाल्या, मग कारखाना बसला. मी फक्त एक धूसर फोटो पाहिलाय.

विजू पंपापाशी होता. त्याने ऐकलं नसावं. त्याच्या पोटात काही राहत नाही.

६ नोव्हें., गुरु.

गास. घर शोधायला तास गेला. ज्याला विचारावं तो आधी "तुम्ही कोणाच्या?" विचारतो.

जनार्दन पाटील. ऐंशीच्या आसपास. स्वतःची भातशेती, आता खंडाने दिलेली. पडवीत ताडपत्रीखाली ती. मोतिया रंग, फायबरचं अंग, अख्खं नाक वर उचललं की तेच दार. पुढे एक चाक, मागे दोन. ब्रेक, वेग, सगळं हातात. पायाला कामच नाही.

मी हात लावला तोच, "हात नाय लावायचा. कोन तुम्ही?"

सांगितलं: रेखा चौधरी, आचोळ्याला राहते, कॉलेजात फिजिक्सची प्रयोगशाळा सांभाळली तीस वर्षं, आता अशा जुन्या गाड्या जमवते.

"जमवून करता काय?"

"दुरुस्त करते. चालवते."

"मंग बाजारातून नवीन घ्या की. ही इकायची नाय."

पाणीसुद्धा विचारलं नाही. मीही मागितलं नाही. लोक नेहमी विचारतात, निवृत्त बाईला असल्या गाड्या कशाला. निवृत्त पुरुषाने तिकिटं जमवली तर त्याला छंद म्हणतात.

९ नोव्हें., रवि.

पुन्हा गास. फाटकातच, "परत आलात?"

"परत आले."

त्याने सुपारी कातरली. मला दिली नाही.

मग आपणहून बोलला. गाडी बायकोची, गुलाबबाईंची. एक पाय लहानपणापासून अधू. कारखान्यातल्या कोणा नातेवाइकाने मिळवून दिली. रोज सकाळी वालाच्या शेंगा, तोंडली, मोगरा भरून एकट्या सोपारा बाजारात जायच्या. लोक हसायचे. "ती त्यांना हार्न मारायची. लय शिव्या द्यायची." बाई मला आवडली असती. जाऊन नऊ वर्षं झाली.

अट घातली. गाडी टेम्पोत चढवून न्यायची नाही. "ती उचलून गेली. गाडी उचलून नाय जायची. ह्या फाटकातून आपल्या चाकांवर चालत जाईल तर न्या."

म्हटलं, बॅटऱ्या जिवंत आहेत का?

"दर ऐतवारी पानी घालतो." छाती काढून म्हणाला.

नऊ वर्षं न चुकता पाणी घालणारा माणूस मी पाहिलेला नाही. कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर लोक सुट्टीआधीही घालत नसत. येताना स्कूटरवर मी चक्क गुणगुणत होते.

११ नोव्हें., मंगळ.

विजूने ऐकलं होतं. ऐकलंच नव्हे तर राजोडीच्या परेशला सांगून मोकळा झाला. परेश म्हणजे समुद्राजवळ रिसॉर्ट काढलेला प्राणी. विजूकडून शहाळी, केळी घेतो. विजू म्हणतो, "सहज निघालं गं बोलण्यात." सहज! ह्याचं सगळं आयुष्य सहज निघालं.

"ताई, तुला दोन आहेत ना?"

"तुलाही दोन कान आहेत. एक देतोस?"

जेवायला थांबले नाही. वहिनीने डब्यात भरून दिलं ते मात्र आणलं. तिच्याशी माझं भांडण नाही.

१५ नोव्हें., शनि.

पाटलांच्या अंगणात परेश माझ्या आधी पोचलेला. काळा चष्मा डोक्यावर, मिठाईचा पुडा हातात, म्हाताऱ्याला "दादाजी, दादाजी".

मला बघून, "अरे मॅडम! विजूदादांच्या सिस्टर ना? टेन्शन नका घेऊ, गाडी चांगल्या घरी जातेय. मस्त पिंक मारू. गेटवर ठेवू. कपल लोक आत बसतील, फोटो, रील..."

"चालणार का ती?"

"चालवायची कशाला? बसायला मस्त आहे ना!"

"मग बाकडं ठेवा. गुलाबी रंग मारा त्याला."

म्हातारा हसला. प्रथमच. पण मिठाईचा पुडा त्याने घेतला, तेही पाहिलं. परेशने अट ऐकून घेतली आणि म्हणाला, त्यात काय, चार माणसं मागून ढकलतील, चाकं तर फिरतील ना! दादाजी विचार करू लागले. त्यांनी "चालत" म्हटलं होतं, "ढकलत" नाही, हे मी तिथल्या तिथे बजावलं. म्हातारा म्हणाला, "तुम्ही दोगं बाहेर जाऊन भांडा."

उद्या बॅटऱ्या तपासायची परवानगी मिळवली.

१६ नोव्हें., रवि.

हायड्रोमीटर, टॉर्च, हातमोजे घेऊन गेले. सीटखाली सहा बॅटऱ्या, प्रत्येकीत तीन कप्पे. पहिलं बूच काढलं. आत तांबूस गढूळ, तळाला गाळ. दुसरं, तेच. अठराच्या अठरा. हायड्रोमीटरचा गोळा तळाला जाऊन बसला. आम्ल उरलेलंच नव्हतं. वर्षानुवर्षं भरून, उतू जाऊन वाहून गेलेलं. खालचा पत्रा चाळणी.

विचारलं, पाणी कुठलं घालता?

त्याने घरामागे बोट दाखवलं. बावखल. छोटं तळं, काठाला भेंडीचं झाड, पाण्यात बदक. "गावातलं सगल्यात गोडं पानी. विहिरी खाऱ्या झाल्या, आमचं बावखल नाय झालं. गाडी आनली तवा कारखान्याचा मानूस बोल्ला, खारं घालू नका, चांगलं शुद्ध पानी घाला. गुलाब तांब्यानं घालायची, फडक्यानं गाळून. ती गेल्यावर मी."

आणि मी बोलले. शब्द जसेच्या तसे लिहिते, कारण उद्या मी ते मऊ करीन: "गोडं म्हणजे शुद्ध नव्हे. तळ्याचं पाणी घालून तुम्ही तिला मारलंत. एकेका रविवारी, थोडं थोडं करून."

त्याने माझ्या हातातलं बूच घेतलं, कप्प्यावर बसवलं, फिरवलं. मग दुसरं. सगळी अठरा. घाई न करता. मग ताडपत्री. मग आत गेला.

मी हायड्रोमीटर पुसून पिशवीत टाकला. बदक ओरडत होतं.

१८ नोव्हें., मंगळ.

मी बोलले त्यात एक अक्षर चुकीचं नाही. तळ्याच्या पाण्यात लोह, क्षार. प्लेटी खातात. बारावीच्या पोरांना शिकवलं आहे, ऊर्ध्वपातित पाणीच का. चुकून नळाचं घातलं म्हणून एकाला वर्गाबाहेर काढलं होतं. त्याची आई भांडायला आली. तिलाही वर्गाबाहेर काढलं.

बरोबर असणं आणि तोंड बंद ठेवता येणं, ह्या दोन वेगळ्या...

विजूचा फोन. पाटलांनी परेशला निरोप धाडलाय, ये म्हणून. विजूला हे सांगताना आनंद झाला नव्हता, एवढं त्याच्या बाजूने लिहिते.

२० नोव्हें., गुरु.

गेले. माफी मागायची ठरवून गेले. फाटक बंद. आतून म्हणाला, "काय राह्यलं अजून?"

माफीचं वाक्य आलंच नाही. म्हटलं, "नवीन बॅटऱ्या घातल्या तर ती चालेल. मोटर शाबूत आहे. वायरिंग मी करीन. पत्रा मी बदलीन."

मग फाटकाच्या फटीतून: "मंग मी दर ऐतवारी काय करीत होतो?"

दोन उत्तरं सुचली, दोन्ही खरी नव्हती.

त्याने कडी काढली. "या. पन बोलू नका."

बोलले नाही. दोन तास काम. जुन्या बॅटऱ्या एकेक करून मीच उतरवल्या, त्याने हात लावला नाही, म्हणजे मीच लावू दिला नाही. बावखलाच्या बाजूच्या भिंतीशी ओळीने मांडून ठेवल्या. भंगारात द्यायच्या नाहीत म्हणाला. आम्ल नाही, तेव्हा भाजायचा धोका नाही. हे मनात म्हटलं.

२२ नोव्हें., शनि.

कामणच्या गोडाऊनमधून सहा बॅटऱ्या. काउंटरवरचा म्हणे, "आजी, इन्व्हर्टरला सहा नाही लागत." म्हटलं, बाळा, तू बिल लिही. शिसं किती, हमी किती, उत्पादनाचा महिना कुठला, तिन्ही विचारल्यावर "आजी"ची "मॅडम" झाली.

टेम्पो विजूने दिला. स्वतः चालवत आला. माफी मागायची त्याचीही हीच पद्धत. घराणं एकच आहे.

२३ नोव्हें., रवि.

नवा पत्रा ठोकला. बॅटऱ्या बसवल्या, जोडल्या, चार्जरला लावल्या. म्हातारा खुर्ची टाकून बसलेला. मध्येच म्हणाला, "ती लाल वायर आधी नाय लावायची. गुलाब काळी आधी लावायची." दोन्ही चालतं हे मला माहीत आहे. काळी आधी लावली.

परेश येऊन गेला. "अरे वा, मॅडम फुकटात रिपेअर करून देतायत!" म्हाताऱ्याने त्याला चहा दिला. मलाही दिला. कप एकसारखे नव्हते, माझा चांगला होता.

२६ नोव्हें., बुध.

चालली.

अंगणात, तुळशीला एक फेरी. आवाज म्हणाल तर नुसती घुंई. त्याला बसा म्हटलं, नाही बसला. फाटकाची एक फळी धरून बघत राहिला. फेरी संपवून नाक उघडलं तेव्हा तो आतून येत होता, हातात तांब्या, त्यावर पांढरं फडकं.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"आता पानी घालू. मंग न्या."

बावखलाचं. नव्या बॅटरीत.

"नाही."

"पहिलं पानी तिच्या हातचं असायचं. आता माझ्या हातचं. तेवडं एकदा. नाय तर गाडी इथंच राहील."

मी सीटवर हात पसरून उभी. दोन म्हातारी माणसं, मध्ये अठरा बुचं. "हात काढा बाई." "नाही काढत." शेजारीण कुंपणावरून बघत होती. तिला म्हटलं, तुमचं दूध उतू जातंय. खरंच जात होतं.

तो तांब्या पायरीवर ठेवून आत गेला. मी घरी आले.

२८ नोव्हें., शुक्र.

विजूचा तोडगा: "तांब्यात तुझं बाटलीतलं पाणी भरून ठेव गं. म्हाताऱ्याला काय कळतंय?"

त्याच्यावर ओरडले. त्याला वाटलं, नेहमीसारखी ओरडतेय. नव्हते. नऊ वर्षं फडक्याने गाळून घातलेलं पाणी. त्या माणसाशी मी मरेपर्यंत भांडेन, पण त्याचा तांब्या बदलणार नाही.

मात्र घालूही देता येत नाही. घातलं तर मग मी तीस वर्षं काय करत होते?

३० नोव्हें., रवि.

गासला. तोही वाट बघत असावा, फाटक उघडं.

म्हटलं, "एका कप्प्यात घाला. अठरातल्या एका. बाकी सतरात माझं."

"कंच्या?"

"तुम्ही ठरवा. पण आधी ऐका. अठरा कप्पे एकामागून एक जोडलेत. तुमचा कप्पा आधी जाईल. दोन वर्षं, तीन वर्षं. आणि तो एक गेला की सगळी गाडी थांबते. भर रस्त्यात, माझ्यासकट. मी गोड करून सांगत नाही."

त्याने ऐकून घेतलं. गाडीभोवती एक चक्कर मारली, काठी टेकत. नाक उघडून आत पाहिलं. एकेका बुचावर बोट ठेवत गेला, एक, दोन, तीन. अकराव्यावर थांबला. मग पुढे गेला.

"थांबली की मंग काय करनार?"

"तो कप्पा बदलता येत नाही. अख्खी बॅटरी काढून नवी घालावी लागेल."

"आनि तिच्यात?"

मी काय ते समजले. तिच्यात पुन्हा पहिलं पाणी कोण घालणार, असं विचारत होता. ऐंशी अधिक तीन. मी एवढंच म्हटलं, "तेव्हाचं तेव्हा भांडू."

खुर्चीवर बसला. तांब्या मांडीवर. भरलेला होता, फडक्याच्या कडा ओल्या. मी सतरा कप्प्यांत माझं घालायला घेणार होते, तेवढ्यात हाताने थांब म्हणाला.

"घाई कशाला? आज तिला इथंच ऱ्हाऊ दे. सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हन्लं ना."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने नाव बघितलं, मलाही दिसलं, परेश. त्याने फोन खुर्चीखाली ठेवला आणि वाजू दिला. माझ्या देखत उचलला नाही, एवढं खरं. मी निघाल्यावर उचलला असेल.