वजनकाट्याचं शून्य कुठे ठेवावं

घोडबंदर रोड, ठाणे
रविवार

आदरणीय कुंडलिकमामा,

नीरजाचा सविनय जय भीम. तुमचा गुडघा आणि मामीची शुगर दोन्ही आटोक्यात आहेत असं धरून चालते. (फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून पत्र.)

आमची कंपनी वजनकाटे बनवते आणि मी त्यांचे ड्रायव्हर लिहिते, हे तुम्हाला माहीत आहे. (ड्रायव्हर म्हणजे काट्याचं म्हणणं कॉम्प्युटरला समजावणारा प्रोग्रॅम. आईला अजून वाटतं की मी ड्रायव्हर लोकांची पत्रं लिहून देते.) तर प्रत्येक काट्याचं शून्य वेगळं असतं. ते बसवताना एकदा मोजायचं आणि ड्रायव्हरने कायमचं लक्षात ठेवायचं. भांडण एवढ्यावरच झालं, की ठेवायचं कुठे. शेजारच्या टेबलावरचा मयूर म्हणाला, ड्रायव्हरच्याच फोल्डरमध्ये, ज्याचं सामान त्याच्याजवळ. मी म्हटलं, अपडेट आला की ते अख्खं फोल्डर बदलतं, जुन्यातलं सगळं जातं. टिकवायच्या नोंदींसाठी सिस्टिममध्ये वेगळी जागा असते, तिथे ठेव. यावर तीन आठवडे मीटिंगा झाल्या. मयूर चहाला एकटा जाऊ लागला. आमच्या रचना मॅडम दोघांचं ऐकून घ्यायच्या आणि ‘बघू’ म्हणायच्या. तोवर काम अडू नये म्हणून ती नोंद तात्पुरत्या फोल्डरमध्ये टाकली गेली, जे कॉम्प्युटर बंद झाला की आपोआप रिकामं होतं. आणि काटे विकले गेले.

ठाण्यात एका आहारतज्ज्ञ बाईंच्या क्लिनिकमध्ये कॉम्प्युटर कधी बंदच करत नाहीत; तिथे एका शुक्रवारी वीज गेली आणि आली. काटा आपलं शून्य विसरला आणि प्रत्येकाला नऊ किलो कमी सांगू लागला. आठवडाभर एकाही माणसाने तक्रार केली नाही. उलट बाईंकडे गर्दी वाढली, कोणीतरी पेढे वाटले (आणि पेशंटांनी ते खाल्ले). मग एका आईने आपलं सात किलोंचं बाळ काट्यावर ठेवलं आणि ते उणे दोन भरलं. तेव्हा कुठे आम्हाला फोन आला.

सोमवारी मीटिंग. मॅडमनी विचारलं, “तात्पुरत्या फोल्डरमध्ये कोणी टाकलं?” ड्रायव्हर आम्ही दोघांनी लिहिलेला, पण त्यावर नाव मयूरचं. तो म्हणाला, “माझ्याकडूनच झालं असेल. आठवत नाही.” त्याची बढती थांबली. नोंद आता मी सांगितलेल्या वेगळ्या जागी असते. वीज गेली, अपडेट आला, तरी हलत नाही. सगळे म्हणतात, नीरजाचं बरोबर होतं.

मामीला जय भीम.

तुमची,
नीरजा

ता. क. : तुमच्याकडे मोहन्याला येईन तेव्हा मामीसाठी काटा आणीन. नव्यातला.

ता. क. २ : तात्पुरत्या फोल्डरमध्ये मी टाकलं होतं. मीटिंगमध्ये मी गप्प बसले. आज सकाळी मॅडमना आणि मयूरला मेल लिहून सगळं कळवलंय. मयूरचं उत्तर आलं नाही, मॅडमचं आलं : उद्या दहाला केबिनमध्ये ये. आईला यातलं काही माहीत नाही. नोकरी गेली, तर तिला तुम्ही सांगाल का?