रिकाम्या टाकीचं गणित

फाल्केनरोडे,
९ ऑक्टोबर १९२२

प्रिय हार्टविगदादा,

सप्रेम नमस्कार. वहिनींचा गुडघा कसा आहे? इकडे मी ठीक. भाची लीनाच्या लग्नापासून आपलं बोलणं नाही, त्याला दीड वर्ष झालं. तरी हे पत्र वाच, कारण ते इंजिनाबद्दल आहे.

आमच्या कारखान्याचं नवं इंजिन तयार झालं. मागे पाण्याकोळशाचा वेगळा डबा नाही. पाणी दोन्ही कुशींच्या टाक्यांत, कोळसा पाठीवर. दहाही चाकं एकमेकांना जोडलेली, म्हणजे इंजिनाचं सगळं वजन ओढायच्या कामी येतं. चिमणी चढाकडे ठेवली, म्हणजे बॉयलरमधलं पाणी मागे भट्टीवर राहतं आणि तिचं छत उघडं पडत नाही. तू गाडी हाकतोस त्या घाटात, इंजिनाचं दातेरी चाक अडकवायच्या मधल्या दातेरी रुळाशिवाय, नुसत्या गुळगुळीत रुळांवरून एकशेतीस टन चढवायचे, हे माझं गणित.

ऑगस्टमध्ये चाचणी झाली. तू रजेवर असतोस तो आठवडा मी मुद्दाम निवडला. खालच्या स्टेशनातून इंजिन असं सुटलं की आमच्या खात्याचे प्रमुख डिटमानसाहेब टोपी काढून उभे राहिले. पण वरच्या वळणावर, माथा चारशे मीटरवर असताना चाकं जागच्या जागी गरगरली. पकड यावी म्हणून रुळांवर वाळू टाकली, पुन्हा गरगरली. गाडी थांबली. रूळ कोरडे, वाफेचा दाब पुरेपूर.

मला कारण त्याच क्षणी कळलं. ते तू मला सांगितलं होतंस.

लग्नाच्या जेवणात बटाट्याचे गोळे वाढत असताना मी फुशारकीने आराखडा टेबलावर पसरला होता. तू म्हणालास, "राइनहोल्ड, निघताना हे जड आहे. माथ्यापर्यंत निम्म्याहून जास्त पाणी पिऊन टाकेल. मग रुळाला धरणार कशाच्या जोरावर?" आणि मी पाहुण्यांसमोर म्हणालो, "दादा, तू गाडी हाक, गणित आमच्यावर सोड." सगळे हसले. तू काटा खाली ठेवलास आणि उठून गेलास.

मी गणित भरल्या टाक्यांवर केलं होतं.

चाचणीनंतर टाक्या पाऊण रिकाम्या धरून ते पुन्हा मांडलं. भार एकशेदहा टनांवर आणला, वाळूच्या नळ्या वाढवल्या. सप्टेंबरात इंजिन न अडखळता चढलं. डिटमानसाहेबांनी विचारलं, चूक कोणाच्या लक्षात आली? मी म्हणालो, माझ्या. अहवालात तसंच लिहिलं गेलं, बढतीसाठी माझं नाव पुढे गेलं. तीन आठवडे लोक हात हातात घेऊन अभिनंदन करत होते आणि मी करू देत होतो.

गेल्या सोमवारी साहेबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, आराखडा खात्याच्या अहवालात ड्रायव्हरचं नाव आजवर आलेलं नाही. मी म्हटलं, मग माझंही काढा. शेवटी पान बदललं. त्यावर तुझं नाव आहे. प्रत सोबत ठेवली आहे. बढती दुसऱ्याला मिळाली. हे उपकार म्हणून सांगत नाही.

पण एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. तू आयुष्यभर दातेरी रुळावर गाडी चालवलीस. तिथे दाते धरून ठेवतात, वजनाचा प्रश्नच नाही. मग तुला कळलं कसं?

पुढच्या आठवड्यात गुरुवारी, एकोणीस तारखेला, उताराची चाचणी आहे. इंजिन तू चालवशील?

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
राइनहोल्ड


श्टाइनबाख,
१४ ऑक्टोबर १९२२

राइनहोल्ड,

पत्र मिळालं. तुझ्या वहिनीचा गुडघा तसाच, तोंड मात्र उत्तम चालतं.

ऑगस्टात गाडी कुठे अडली ते परत आल्याआल्याच मला कळलं होतं. कोणाला काही बोललो नाही.

कसं कळलं, विचारतोस. बाविसाव्या वर्षी मी पाटीच्या दगडाच्या खाणीवर असंच एक छोटं इंजिन चालवायचो. सकाळी ते दगड भरलेल्या अकरा वाघिणी ओढायचं, जेवणाच्या सुट्टीआधी नऊ वाघिणींनाच घसरायचं. वाटलं, दुपारी त्याला आळस येतो. महिनाभर डोकं खाजवलं. मग एका सकाळी पाणी निम्मंच भरून पाहिलं, तर सकाळीच आळस आला. मुकादमाने शिव्या घातल्या, पण मला गंमत वाटत होती. लग्नात जेवताना तुला हेच सांगणार होतो.

नावाचं पान वहिनीने दोनदा मोठ्याने वाचून घेतलं. ते कपाटात आहे. माझा राग अजून गेलेला नाही. जाईल तेव्हा जाईल.

पण उताराला गाडी रोखणार कशी? नुसते ब्रेकचे ठोकळे चाकांवर दाबलेत तर तापून निकामी होतील. सिलिंडरमध्येच हवा कोंडून इंजिनाला मागे खेचता येतं असं ऐकलंय. ते मी कधी केलेलं नाही. चालवायच्या आधी मला नीट समजावून सांग. मी मध्ये बोलणार नाही.

बुधवारच्या गाडीने येतो.

तुझा दादा,
हार्टविग