रव्याच्या लाडवाचा पाक

आई,

तू गेल्याला बरीच वर्षं झाली, तरी एक तक्रार रीतसर नोंदवून ठेवतो. तुझ्यामागं या घरात रव्याचा लाडू धड झालेला नाही. तुझी सून, म्हणजे तुझ्याच भावाची लेक, पाक करते आणि तो हटकून साखरतो. दिवाळीत लाडू फोडायला आम्ही वरवंटा घेतो. पाकात लिंबू पिळायचं हे तू तिला सांगितलंच नाहीस. मला मात्र सांगायचीस, मी ओट्याशी शब्दरूपं घोकत उभा असताना. "त्या संस्कृतानं चहा तरी गरम हुतोय का? हिकडं बघ." मग दोन बोटांत पाकाची तार धरून दाखवायचीस. एक बारीक खडा धरला की त्याला दुसरा चिकटतो, आणि बघता बघता सगळं पातेलं आळून बसतं. म्हणून लिंबू.

हा पाक मला यंदा दवाखान्यात आठवला. तुझी नात, जी तू पाहिली नाहीस, आता कॉलेजात जाते. यंदा तिनं हरतालिका निर्जळी धरली, कारण आजी तशीच धरायची हे मीच कौतुकानं सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी, गणपती आणायच्या सकाळी, ती पाठ धरून खाली बसली. हाडं कुणीतरी आतून पिळतंय म्हणाली. लहानपणीही तिचे हातपाय दुखायचे. वाढीचं दुखणं म्हणून आम्ही तेल चोळायचो.

रक्त तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "तुम्ही काय करता?" संस्कृत शिकवतो, म्हटलं. "मग सोप्या मराठीत सांगते," त्या म्हणाल्या. तुला आवडल्या असत्या.

त्या म्हणाल्या, याला सिकलसेल म्हणतात. रक्ताच्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन ठासून भरलेलं असतं. हिच्या हिमोग्लोबिनात एवढीशी चूक आहे, लांबलचक साखळीतली एकच कडी बदललेली. श्वासातला प्राणवायू अंगाला देऊन झाला की हे कण सुटे राहत नाहीत. आधी थोडे एकमेकांना धरतात, मग त्यांना बाकीचे भराभर चिकटतात, त्यांचे तंतू होतात, तंतूंना पीळ बसून दोर होतो. दोर पेशीला आतून ताणतो आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. असे विळे बारीक रक्तवाहिनीत अडकतात. पुन्हा प्राणवायू मिळाला की दोर विरघळतो, पण फार वेळा वाकलेली पेशी पुढं सरळ होत नाही. अंगातलं पाणी कमी झालं की हे सगळं लवकर होतं. मी मान हलवत राहिलो. डोळ्यांपुढं तुझं पातेलं होतं, फक्त ते माझ्या लेकीच्या अंगात होतं.

"नवराबायको नात्यातले का?"

"मामाची मुलगी केलीय," मी म्हणालो. बाईंचं पेन थांबलं. कुरुंदवाडला मामांच्या सोप्यात बसून तू म्हणालेलीस, "माझ्या भावाची लेक माझ्याच घरात यायची. परक्यात कशाला?" रक्तातली ही चूक आईकडून एक आणि बापाकडून एक, अशी दोन्हीकडून यावी लागते. एकच असली तर माणसाला काही होत नाही, तुला झालं नाही तसं. तुझ्याकडून ती मला आली, मामांकडून तुझ्या सुनेला. आपल्या गल्लीत या रोगाचं नावसुद्धा कुणाला माहीत नव्हतं, तुझ्यावर कसला राग धरू?

नात कॉटवरून म्हणाली, "पप्पा, आज्जीला ठाव हुतं काय?"

"न्हाई गं."

"मग रुसायचं कुणावर?"

आता तिला एक गोळी चालू आहे. त्या गोळीनं म्हणे अंगात पुन्हा तान्हेपणीचं हिमोग्लोबिन तयार होतं. ते मध्ये घुसतं आणि तंतू लांबू देत नाही. "म्हणजे पाकातलं लिंबू," मी म्हणालो. बाईंना कळलं नाही. तुझी सून मात्र माझ्याकडं बघत राहिली. "आत्यांनी मला कधी सांगितलं न्हाई ते," एवढंच म्हणाली.

घरी आलोय. ती पाणी पिते का, म्हणून मी पेपर वाचायचं सोंग करून तांब्याचा आवाज ऐकत असतो. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून खरं लिहितो. रोगाचं मला आता थोडं समजतं. दुखतंय का विचारलं की ती "न्हाय की" म्हणते, पदर नीट करावा तशी ओढणी नीट करत. तूही शेवटपर्यंत असंच म्हणत होतीस आणि मी ते खरं मानलं. तिचं मानू का, ते मला समजत नाही. आई, मला फार भीती वाटते.