टेकडीच्या माथ्यावर दोन नियमांची टक्कर होत असल्याबाबत

प्रति,
मा. हवाई क्षेत्र नियमन अधिकारी,
मानवरहित विमाने शाखा, दुसरा मजला.

विषय : टेकडीवरून जाणारी मालवाहू ड्रोनची उड्डाणे उद्याच्या कार्यक्रमापूर्वी थांबवणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, "दोन्ही पक्ष नियमात आहेत, सबब तक्रार निकाली."
२) मालवाहू उड्डाणास अडथळा आणल्याबद्दल अर्जदाराच्या वडिलांना आलेली नोटीस.

महोदय,

१. अर्जदार दातांच्या कवळ्या बनवते. तिचे वडील बसच्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. इंजिनांच्या गोंगाटात त्यांचे कान गेले. निवृत्तीनंतर ते घरात भिंतींशीही भांडू लागले, तेव्हा अर्जदाराने त्यांच्या हातात रिमोटवर उडणारे फोमचे छोटे विमान दिले. तेव्हापासून घर शांत झाले. पुढे नवे नियम आले, शहरातली सगळी मैदाने बंद झाली आणि छंदवाल्यांना पाण्याच्या टाकीमागची टेकडी तेवढी उरली. वडिलांनी नोंदणी केली, परीक्षा दिली, पंखावर क्रमांक रंगवला. साठ मीटरच्या वर त्यांनी विमान कधीच नेले नाही.

२. नंतर औषधे पोचवणाऱ्या एका कंपनीला त्याच टेकडीवरून मार्ग मिळाला. तिची ड्रोन नव्वद मीटरवरून, छंदवाले साठच्या खाली. कागदावर मध्ये ऐसपैस जागा आहे. परंतु कंपनीचा तळ टेकडीखालच्या खोलगट भागात आहे आणि तिची ड्रोन उंची तळापासून मोजतात. टेकडीच पन्नास मीटर उंच आहे. म्हणजे माथ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या वर चाळीसच उरतात, आणि वडिलांचे विमान तिथेच असते.

३. हे सांगायला अर्जदार आपल्या कार्यालयात आली होती. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "दोघंही नियमात बसताय ना? मग तक्रार कुणाची आणि कुणाविरुद्ध?" अर्जदाराने तक्रार लेखी दिली; त्यावर संदर्भ १ चे पत्र आले. त्यानंतर ड्रोनच्या फेऱ्या वाढल्या. टेकडीवरची पाखरे आधी गेली, मग छंदवाले एकेक करून येईनासे झाले. वडील मात्र हट्टाला पेटले. "परवाना काय शोभेला काढलाय? नियमात आहे तोवर मला कोण हात लावतो, बघू!"

४. मागच्या शनिवारी ड्रोन त्यांच्या पाठीमागून आले. अर्जदार जीव खाऊन ओरडली, पण त्यांना ऐकू येत नाही हे त्या क्षणी तिच्याही लक्षात राहिले नाही. विमानाच्या चिंधड्या उडाल्या, ड्रोन भेलकांडले आणि खाली आले. वडिलांचा उजवा खांदा मोडला. फिरते पाते गालात घुसले. शुद्धीवर येताच त्यांनी विचारले, "विमान कुठंय?" त्यांना अजून खरे सांगितलेले नाही.

त्या संध्याकाळी अर्जदाराचा आतेभाऊ घरी आला. तो त्या कंपनीत बिनखिडकीच्या खोलीत पडद्यासमोर बसून ड्रोन चालवतो. उडवायला त्याला वडिलांनीच शिकवले. उंबऱ्याबाहेर उभा राहूनच तो म्हणाला, "ताई, ते माझ्याच हातून झालं गं. पडद्यावर नव्वद दिसत होतं. खाली माणूस आहे हेच दिसत नाही, मामा आहे हे कुठून दिसणार?" पाणीही न घेता तो निघाला. जाता जाता म्हणाला, "तू अर्ज कर. माझंही लिही त्यात."

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला, तो परतलाच नाही. प्रशिक्षणासाठी बाहेरगावी पाठवले आहे, एवढेच कंपनीने त्याच्या बायकोला कळवले. फोन बंद आहे. अर्जदार तळाच्या फाटकावर गेली, तेव्हा पहारेकरी तिच्याकडे न बघता म्हणाला, "ते उड्डाण आपोआप होतं. चालवणारा कुणी नव्हताच."

५. आता असे कळते की, उद्या आपल्याच शाखेच्या वतीने शाळेची मुले कागदी विमाने उडवायला त्या माथ्यावर येणार आहेत. उद्यापासूनच कंपनीला दुप्पट फेऱ्यांची परवानगी आहे. दोन्ही आदेशांवर आपली सही आहे, आणि दोन्ही नियमात आहेत. हातातून विमान सुटले की मुले वर बघत धावत सुटतात; मागे कुणी बघत नाही. तरी उंची माणूस उभा असेल त्या जमिनीपासून मोजण्याचा आदेश व्हावा, आणि तोवर ही उड्डाणे थांबवावीत.

६. हा अर्ज टपालात पडून उद्या दुपारनंतर आपल्यासमोर येईल, अशी अर्जदाराला धास्ती आहे. म्हणून तिने आजच टेकडीच्या फाटकाला स्वतःचे कुलूप घातले आहे. हा गुन्हा असल्यास तो तिला कबूल आहे. मुलांना वर न्यायचेच असेल, तर आपण स्वतः येऊन कुलूप काढावे, आणि माथ्यावर पहिले पाऊल आपण टाकावे.

उत्तराची नव्हे, आपल्या येण्याची वाट पाहणारी,
आपली नम्र,
अर्जदार
(वडिलांना सही करता येत नसल्याने त्यांच्याही वतीने)

दिनांक : कार्यक्रमाचा आदला दिवस

सोबत : १) खांद्याचा एक्स-रे.
२) क्रमांक असलेला पंखाचा तुकडा.
३) फाटकाची किल्ली. दुसरी नाही.