अनुभवाने तज्ज्ञ

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आजपासून मी तज्ज्ञ. मानसिक आरोग्य केंद्राने दिलेल्या ओळखपत्रावर तसं छापलंय: एल्वियो फुर्लान, अनुभवाने तज्ज्ञ. म्हणजे जो स्वतः आजारातून उठला आणि आता तरुण पोरांना सोबत करतो तो. ‘अनुभवाने’ हा शब्द बारीक अक्षरात आहे, अंगठा ठेवला की दिसत नाही. आईने लगेच बिल्डिंगभर बातमी पोचवली. संध्याकाळी खालच्या सिन्योरा बाबिच गुडघा दाखवायला वर आल्या. मी पाहिला. सूज आहे.

तीन महिने उमेदवारी, मग नेमणूक पक्की. अट एकच: दर पंधरा दिवसांनी माझ्या डॉक्टरांना भेटत राहायचं आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत. हे काय सांगायला हवं?

संकल्प: सोबतीला देतील ती पहिली मुलगी तीन आठवड्यांत परत शाळेत.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

मुलगी भेटली. नीवेस, वय सतरा. नोव्हेंबरपासून शाळेत गेलेली नाही. फाटकाजवळ पोचली की छाती धडधडते, हात बधिर होतात आणि ती परत फिरते. केंद्राखालच्या बारमध्ये कॉफी घेत बसलो.

प्रशिक्षणात शिकवलंय की नव्वद टक्के ऐकायचं आणि दहा टक्के स्वतःचं सांगायचं. घड्याळ पाहिलं तर माझे दहा टक्के पंचावन्न मिनिटं चालले. पण ते गरजेचं होतं. दोन वर्षांपूर्वी मी आठवडाभर झोपलो नाही, बंदरातल्या सगळ्या क्रेन पिवळ्या रंगवायची परवानगी मागायला रंगाचे डबे घेऊन नगरपालिकेत गेलो आणि मग केंद्रातल्या खाटेवर चाळीस दिवस काढले, हे कळल्याशिवाय तिला आशा कशी वाटणार?

तिने एकच विचारलं, आता झोप लागते का. लागते म्हणालो. चौकस आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बोरा सुटलाय. हा वारा सुटला की त्रिएस्तेत कोणालाच चैन पडत नाही. झोप चार तास. कारण बोरा.

केंद्रात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, अगदी डॉक्टरांनासुद्धा. अशाने मान राहत नाही. नीवेसला सांगितलं, यापुढे मला अहो-जाहो करायचं. ती म्हणाली, “बरं. अहो एल्वियो, तुम्ही स्वेटर उलटा घातलाय.” नियम मागे घेतला.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

गोळी अर्धी केली. तज्ज्ञाचा सल्ला घेऊनच केली. तज्ज्ञ घरातच आहे. पूर्ण गोळीने सकाळी डोकं जड होतं, आणि जड डोक्याने त्या पोरीला काय मदत करणार? तिच्यासाठीच चाललंय हे. डॉक्टरांची आजची वेळ पुढे ढकलली. कामाचा व्याप.

मंगळवार, १८ फेब्रुवारी, सकाळी ५.१०

उठलो. खरं तर झोपलोच नव्हतो, पण उठलो म्हणायला हरकत नाही. बोरा थांबलाय. तो परत सुटेल या विचाराने झोप येत नाही.

पुस्तिका लिहायला घेतली: ‘शाळेकडे परत’. बारा प्रकरणं. अनुक्रमणिका पूर्ण.

दुपारी. टेकडी चढून वरच्या ओपिचिना गावापर्यंत जाऊन आलो, मग बारमध्ये नीवेसला प्रकरणं सांगितली. तिने स्वतःचं सँडविच माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, आधी हे खा, मग सातवं. नंतर ती नोव्हेंबरमधल्या त्या दिवसाबद्दल सांगू लागली: वर्गात फळ्याजवळ उभी होती आणि अचानक श्वासच मिळेना. मला त्यावरून माझा एक प्रसंग आठवला, तो सांगितला. मग ती गप्प बसली. बहुतेक तिचं सांगून झालं होतं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

ओर्नेल्ला आम्हा उमेदवारांवर लक्ष ठेवणारी नर्स. तिने झोपेचं विचारलं. बोराचं कारण सांगितलं. “एल्वियो, बोरा सोमवारीच थांबला,” म्हणाली. हिने वेधशाळेत नोकरी करावी.

डॉक्टरांकडे गेला होतास का, हेही विचारलं. हो म्हणालो. डॉक्टर याच इमारतीत बसतात आणि इमारतीत मी रोज येतो, तेव्हा हे खोटं म्हणता येणार नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

तीन आठवडे झाले. थोडा उशीर, पण तो योजनेत धरला होता. तारीख जाहीर केली: सोमवार, ३ मार्च, सकाळी ७.४०. मी तिच्या घरापासून फाटकापर्यंत सोबत जाणार.

नीवेसने विचारलं, सोमवारी? नक्की सोमवारी? म्हटलं, ठरलं म्हणजे ठरलं. बरं म्हणाली. माणसाने ठाम असलं की समोरच्याला धीर येतो.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

डॉक्टरांची वेळ परत पुढे ढकलली. सोमवारची तयारी. पुस्तिका आता चोवीस प्रकरणं. आई म्हणते, सारखा येरझारा घालू नकोस, खालच्यांना त्रास होतो. सिन्योरा बाबिचना गुडघ्याचा व्यायाम म्हणून मीही चालायलाच सांगितलंय, पण त्या ऐकत नाहीत.

सोमवार, ३ मार्च

शाळा बंद. कार्निव्हलची सुट्टी.

चोवीस वर्षं या गावात काढली. दर वर्षी याच दिवसांत आई कार्निव्हलच्या गोड क्रोस्तोली तळते, काल त्यातल्या दहा मीच खाल्ल्या. तरी डोक्यात आलं नाही. रस्त्याने आयांचा हात धरून दोन समुद्री चाचे आणि एक मधमाशी चालली होती, तेव्हासुद्धा मला वाटलं की हल्ली पोरं काहीही घालून शाळेत जातात.

फाटकाला कुलूप. मी या टोकाकडून त्या टोकाकडे धावत होतो, आत कोणी आहे का म्हणून हाका मारत होतो. नीवेस दप्तर पाठीला लावून, गजांना धरून शांत उभी होती. चांगली दहा मिनिटं. शेवटी मी तिला विचारलं, तुला माहीत होतं?

“माहीत होतं.”

मग आलीस कशाला?

“तू इतका खुशीत होतास. आणि बंद फाटकापाशी उभं राहणं जमेल असं वाटलं मला. जमलं.”

निष्कर्ष: बंद फाटकाची पद्धत. शोध माझा. पंचविसावं प्रकरण.

गुरुवार, ६ मार्च

आज शाळा खरोखर उघडली. पुन्हा ७.४०ला तिच्या दारात पोचायचं होतं. सहाला कपडे करून, बूट घालून तयार. सोफ्यावर दोन मिनिटं टेकलो. डोळे उघडले तेव्हा दुपारचे दोन.

आईने सांगितलं, नीवेस आपल्या घरी येऊन गेली. तिने हलवलं, आईने हलवलं, मी उठलो नाही. मग ती एकटीच गेली. तीन तास वर्गात बसली. सुटल्यावर परत येऊन मी श्वास घेतोय ना ते बघून गेली.

स्वावलंबन. योजनेचा शेवटचा टप्पा होताच तो.

लाज वाटते. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

शुक्रवार, ७ मार्च

बारमध्ये पुस्तिकेची चाळीस प्रकरणं टेबलावर मांडली. बाजूच्या दोन टेबलांवरही मांडावी लागली. मंत्रालयाला पाठवायची चौदा पत्रंही तयार आहेत. नीवेस शाळेतून थेट आली. तिने काहीच वाचलं नाही.

“पहिल्या दिवशी तू मला सगळं सांगितलंस ना? आधी झोप गेली, मग क्रेन रंगवायला निघालास. आत्ता तसंच चाललंय, एल्वियो.”

समजावलं की फरक आहे. तेव्हा मी आजारी होतो.

“तेव्हा तरी तुला कुठे माहीत होतं?”

याचं उत्तर कुठल्यातरी प्रकरणात होतं. पानं उलटू लागलो. तेवढ्यात तिने विचारलं, गोळ्या घेतोस का. घेतो म्हणालो. पूर्ण? कॉफी गार होईपर्यंत मी चमचा फिरवत बसलो.

ती म्हणाली, ओर्नेल्लाला सांगणार आहे. पाठीमागे सांगायचं नाही म्हणून आधी तुला सांगतेय. मी म्हटलं, मग माझी नेमणूक गेली. ती म्हणाली, जाऊ दे गेली तर, तू जाऊ नकोस. घाबरली होती. मी तिला घाबरवलं.

सोमवार, १० मार्च

नीवेस सकाळी दप्तर घेऊन खाली उभी. पहिला तास बुडवायची परवानगी काढली होती. दोघं चालत केंद्रात गेलो.

केंद्राच्या काउंटरवरच्या बाई आम्हा दोघांनाही ओळखतात. त्यांनी वही उघडून विचारलं, आज कोण कोणाला घेऊन आलंय?

मी नीवेसकडे पाहिलं. ती थांबून राहिली. आमच्यामागे आणखी दोघंजण रांगेत येऊन उभे राहिले.

मी म्हणालो, ती मला.